खडखड येते कुठून? बैलगाडीच्या आसापासून रबरी बुशपर्यंत, वाहनाखालच्या आवाजाचा इतिहास

१/ लासलगावच्या बाजार समितीकडे कांदा घेऊन निघालेला टेम्पो रस्त्याने निमूट जातो. माल उतरतो, गाडी रिकामी होते आणि परतीच्या वाटेवर, त्याच रस्त्यावर, त्याच खड्ड्यांत, मागच्या बाजूने खडखड सुरू होते. दुसऱ्या दिवशी गाडी गॅरेजमध्ये उभी केली की आवाज गप्प. चालक शपथेवर सांगतो, मेकॅनिक चाके हलवून पाहतो, आणि हाती काहीच लागत नाही. भार वाढल्यावर तक्रार वाढावी, ही साधी अपेक्षा. येथे नेमके उलटे घडते. #थ्रेड

२/ या कोड्यामागे दोन शतकांचा इतिहास आहे. वाहनाखालचा जवळजवळ प्रत्येक नवा भाग धक्का आणि आवाज कमी करण्यासाठी आला. पण प्रत्येक सुधारणेनंतर जो आवाज मागे उरला, तो शोधणे आधीपेक्षा अवघड झाले. वाहन जितके शांत होत गेले, तितका त्यातील दोष दडून बसायला शिकला.

३/ आरंभ बैलगाडीपासून करावा लागतो. जुन्या गाडीला स्प्रिंग नव्हती. आस, तुंबा, आरे आणि त्यांवर चढवलेली लोखंडी धाव, एवढाच चाकाचा संसार. रस्त्याचा धक्का आसातून साट्यात आणि साट्यातून थेट बसणाऱ्याच्या मणक्यात जाई. आवाज प्रचंड होता, पण गूढ मुळीच नव्हता. आस कोरडा पडला की करकर होई; गाडीवान खाली उतरे, वंगण घाली आणि करकर थांबे. त्यासाठी वंगणाचे नळकांडे गाडीलाच टांगलेले असे. आवाजाचे कारण, त्याची जागा आणि त्यावरचा उपाय, तिन्ही हाताच्या अंतरावर होते.

४/ आवाज ओळखण्याची भाषा मात्र तेव्हाच तयार होती. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये निघाला, त्याची वाढवलेली आवृत्ती १८५७ मध्ये. ध्वनीवरून घडलेल्या शब्दांची त्यात रेलचेल आहे. खडखड, खुळखुळ, करकर, कुरकुर, घरघर हे शब्द वरवर एकाच घरातले दिसतात. गॅरेजमध्ये मात्र प्रत्येकाचा पत्ता वेगळा आहे. घरघर म्हणजे बहुधा फिरणारा भाग, चाकाचे बेअरिंग. खुळखुळ म्हणजे हलका, सैल पत्रा किंवा ब्रेकची पट्टी. कुरकुर म्हणजे रबर. धप्प म्हणजे प्रवास संपेपर्यंत दबलेली स्प्रिंग. टक्क म्हणजे दोन धातूंमध्ये पडलेली फट.

५/ येथे मराठीची एक सोय लक्षात घेण्याजोगी आहे. 'टक्क' आणि 'टकटक' हे दोन वेगळे निदान आहेत. पहिल्यात आवाज एकदाच होतो, म्हणजे भार एका बाजूकडून दुसरीकडे जाताना फट एकदा मिटते. दुसऱ्यात तो पुन:पुन्हा होतो, म्हणजे भाग मोकळाच हिंदकळत आहे. इंग्रजी दुरुस्ती-पुस्तिकांना यासाठी वाक्य लिहावे लागते. मराठीत द्विरुक्ती तेच काम करते.

६/ १८०४ च्या सुमारास लंडनचा घोडागाडी बनवणारा कारागीर ओबादाया इलियट याने लंबवर्तुळाकार स्प्रिंगची रचना पुढे आणली. कमी-अधिक लांबीच्या पोलादी पट्ट्या एकावर एक ठेवून मध्ये बांधायच्या आणि गाडीचा सांगाडा त्यांवर तोलायचा. आपल्याकडे ट्रक-टेम्पोखाली जे 'पाटे' दिसतात, ते याच कुळातले.

७/ पाट्यांची गंमत अशी, की ते वाकताना एकमेकांवर घासतात. हे घर्षण उपयोगी आहे. ते नसते तर खड्ड्यानंतर गाडी झोपाळ्यासारखी डोलत राहिली असती. पण तेच घर्षण पाटे कोरडे पडले, गंजले की कर्कश आवाज करते. म्हणजे जो गुण धक्का शमवतो, तोच आवाजालाही जन्म देतो. पुढच्या सव्वाशे वर्षांची बरीचशी धडपड हे दोन्ही वेगळे करण्याचीच होती.

८/ नाशिकच्या रस्त्यांवर हे पाटे टांग्यांबरोबर आले. रेल्वेने उतरणारे यात्रेकरू पंचवटीला आणि त्र्यंबकला टांग्यांनी जात. नाशिक रोड स्थानक आणि शहर यांच्यामध्ये काही काळ घोड्यांची ट्रामही धावली. तिने वेगळाच मार्ग निवडला होता: गाडी मऊ करण्यापेक्षा वाटच रुळांची, गुळगुळीत करायची. धक्का वाहनात मारायचा की रस्त्यात, हा वाद तेव्हापासूनचा आहे, आणि रस्ता बहुतेक वेळा हरला आहे.

९/ आवाज ऐकून यंत्राचे आरोग्य ओळखण्याची पद्धतशीर विद्या मात्र रेल्वेने घडवली, आणि तिच्या मुळाशी एक भयंकर अपघात आहे. ८ मे १८४२ रोजी व्हर्सायहून पॅरिसकडे येणाऱ्या गाडीच्या इंजिनाचा आस तुटला. डबे एकमेकांवर चढले, आग लागली. डब्यांची दारे बाहेरून बंद होती. पन्नासांहून अधिक माणसे गेली. अंटार्क्टिकापर्यंत जाऊन आलेला दर्यावर्दी द्युमाँ द्युरव्हील त्यांतच सहकुटुंब मरण पावला.

१०/ प्रश्न असा होता, की आस तुटला का? लोखंड चांगले होते. भार नेहमीचाच होता. तोच आस त्याआधी हजारो वेळा तेवढाच भार वाहून गेला होता. स्कॉटिश अभियंता विल्यम रँकिन याने तुटलेल्या आसांचा अभ्यास करून दाखवले, की तडा एका क्षणात पडत नाही. जिथे आसाची जाडी एकदम बदलते, त्या कोपऱ्यात तो जन्मतो आणि फेऱ्यागणिक आत सरकत जातो. पुढे प्रशियातील रेल्वे अभियंता आउगुस्ट व्होलर याने आस लाखो वेळा वाकवून पाहिले आणि धातूच्या थकव्याचे नियम आकड्यांत मांडले.

११/ या ज्ञानाचे रस्त्यावरचे रूप म्हणजे लांब दांड्याची हातोडी. मोठ्या स्थानकात गाडी थांबली, की एक कर्मचारी डब्यांच्या कडेने चालत प्रत्येक चाकावर टोला देई. सलग, निरोगी पोलाद घंटेसारखे वाजते. तडा गेलेले चाक बद्द वाजते. १ जानेवारी १८६५ ला थळ घाटातून रेल्वे सुरू झाली. कसारा ते इगतपुरी हा चढ देशातील अतिशय खड्या रेल्वेमार्गांपैकी एक. अशा उतारावर न्यायच्या गाडीचे चाक बद्द वाजले, तर त्या एका आवाजावर शेकडो जीव अवलंबून असत.

१२/ त्या हातोडीवाल्याची पद्धत समजून घेण्यासारखी आहे. तो आवाजाची वाट पाहत बसत नाही. तो स्वतः आवाज निर्माण करतो. टोला त्याचा, जागा त्याने निवडलेली, आणि शेजारच्या चाकाशी लगेच तुलना. पुढे मोटारीच्या गॅरेजमध्ये जे काही शहाणपण आले, त्याचा गाभा हाच आहे. लासलगावचा टेम्पो गॅरेजमध्ये गप्प राहतो, कारण तिथे त्याला कोणी योग्य टोला दिलेला नसतो.

१३/ मोटारीने घोडागाडीचे पाटे जसेच्या तसे उचलले. वेग वाढल्यावर केवळ पाट्यांचे घर्षण पुरेना, म्हणून विसाव्या शतकाच्या आरंभी डोलणे थांबवणारे वेगळे उपकरण आले. आधी एकमेकांवर दाबलेल्या चकत्यांचे, नंतर तेलाने भरलेल्या नळीचे. गॅरेजमध्ये त्याला 'शॉकअप' म्हणतात. नाव थोडे फसवे आहे: धक्का स्प्रिंग झेलते, हे उपकरण फक्त नंतरचे डोलणे शमवते. युरोपात काही मालक पाट्यांना चामड्याची खोळ शिवून तिच्यात ग्रीस भरत. घोड्याच्या सरंजामातील चामडे असे मोटारीच्या पोटाखाली पोहोचले.

१४/ महाराष्ट्रात या कहाणीचे मुख्य पात्र जीप आहे. अमेरिकेत १९४१ पासून युद्धासाठी बनलेल्या विलिस जीपला चारही चाकांवर पाटे होते. मुंबईत १९४५ मध्ये 'महिंद्र अँड मोहम्मद' ही कंपनी सुरू झाली. फाळणीनंतर मलिक गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तेथे अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर-जनरल झाले, आणि कंपनीचे नाव 'महिंद्र अँड महिंद्र' झाले. १९४७ पासून विलिस जीपचे सुटे भाग आणून मुंबईत जोडणी सुरू झाली होती.

१५/ त्या जीपचे पाटे ज्या कडीने सांगाड्याला अडकवलेले असत, तिला शॅकल म्हणतात. पाटा दबताना लांबतो, म्हणून त्याचे एक टोक असे झुलते ठेवावे लागते. जुन्या शॅकलमध्ये धातूवर धातू घासे आणि ग्रीस भरायला निप्पल असे. ग्रीस संपले की आवाज, भरले की शांतता. बैलगाडीच्या वंगणाचा हिशेब अजून चालू होता. जीपचा आवाज ही जीपची तक्रार नव्हती, ती आठवण होती.

१६/ अँबेसेडर आणि प्रीमियर पद्मिनी या दोन गाड्यांनी देशातील मेकॅनिकांना पुढचे शिक्षण दिले. दोघींच्या मागे पाटेच. पुढे मात्र दोन वेगळी विचारसरणी. अँबेसेडरला टॉर्शन बार, म्हणजे पिळला जाणारा पोलादी दांडा. पद्मिनीला गुंडाळलेली कॉइल स्प्रिंग. पुढची दोन चाके आता एकाच आसाला बांधलेली नव्हती. प्रत्येक चाक स्वतंत्र वर-खाली होई. प्रवास सुखाचा झाला, आणि सांधे वाढले. आर्म, बॉल जॉइंट, बुश: प्रत्येक सांधा म्हणजे फट पडण्याची नवी जागा.

१७/ आणि मग रबर आले. फ्रान्समध्ये १९२० च्या दशकात 'सायलेंटब्लॉक' नावाची बुश निघाली. आत-बाहेर धातूच्या दोन नळ्या आणि त्यांच्यामध्ये दाबून बसवलेले रबर. धातू धातूला शिवतच नाही. हालचाल होते ती रबराच्या पिळण्यातून. ग्रीस नको, निप्पल नको, आवाज नको. शांतता तिच्या नावातच होती. शतकाच्या उत्तरार्धात मोटारींखालचे बहुतेक सांधे या वाटेने गेले.

१८/ निदानाच्या इतिहासातला हा खरा वळणबिंदू. धातूचा सांधा झिजताना हळूहळू आवाज वाढवतो. तो महिनोन्महिने इशारा देत राहतो. रबरी बुश वर्षानुवर्षे गप्प राहते, आतून फाटत जाते, आणि एके दिवशी धातूला धातू लागतो. त्याआधी कधी कधी ती कुरकुरते. कारण सारंगीच्या गजासारखेच: रबर धातूला क्षणभर चिकटते, ताणले जाते, सुटते, पुन्हा चिकटते. सेकंदाला शेकडो वेळा हे घडले की कुरकुर ऐकू येते. गज तारेला असाच पकडत-सोडत वाजवतो.

१९/ जुन्या हातांची एक सवय येथे घातक ठरली. आवाज म्हणजे वंगण हवे, हे शतकांचे शहाणपण. पण खनिज तेलाचे ग्रीस नैसर्गिक रबराला फुगवते आणि मऊ करते. ग्रीस चोपडल्यावर कुरकुर थांबते, गिऱ्हाईक खूश होऊन जाते, आणि बुश आतून कुजत राहते. जीपसाठी जो उपाय होता, तोच नव्या गाडीत आजार लपवणारा झाला. रबराची शंका तपासायला साधे पाणी पुरते. एकेका बुशवर पाणी मारायचे आणि गाडी दाबून पाहायची. ज्या बुशवर पाणी पडताच कुरकुर थांबते, दोष तिचा. पाणी वाळते, पुरावा हाती उरतो, नुकसान काहीच होत नाही.

२०/ पण जागा सापडत का नाही? कानच फसतो, हे पहिले उत्तर. ध्वनी हवेत सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, पोलादात सुमारे ५,००० मीटर. मागच्या शॅकलचा ठोका चेसिसच्या दांड्यातून पुढच्या सीटखाली पोहोचतो आणि तिथला पत्रा कंप पावतो. कान पत्र्याचा आवाज ऐकतो. मूळ मागे, हाक पुढून.

२१/ दुसरे उत्तर लॉर्ड रेले यांच्या १९०७ च्या कामातून मिळते. आवाजाची दिशा माणूस दोन कानांतील फरकावरून ओळखतो. तीव्र ध्वनीत डोक्याच्या आडोशाने एका कानाला कमी ऐकू येते. खोल ध्वनीत दोन कानांपर्यंत पोहोचण्याच्या वेळेतील अंतर उपयोगी पडते. हे अंतर सेकंदाच्या दीड हजाराव्या भागाच्या आसपासच असते. बंद, काचेच्या, पत्र्याच्या खोलीत प्रतिध्वनींचा कल्लोळ असताना एवढा सूक्ष्म हिशेब जुळत नाही. सेकंदाला १०० कंपनांच्या खोल ध्वनीची तरंगलांबी सुमारे ३.४ मीटर, म्हणजे गाडीच्या आतल्या जागेहून मोठी. तो आवाज 'डावीकडून' येतो असे छातीठोक सांगणारा बहुधा आपल्या मनाचे सांगत असतो.

२२/ आता नाशिक. महिंद्राचे येथील कारखाने आणि शेजारच्या इगतपुरीचा इंजिन-कारखाना यांमुळे सातपूर-अंबडच्या औद्योगिक पट्ट्याला मोटारीचा कान मिळाला. जनरल मोटर्सच्या संशोधन विभागात चौदा वर्षे काम केलेले पवन गोएंका १९९३ मध्ये भारतात परतले आणि नाशिकला महिंद्राच्या संशोधन-विकास विभागात रुजू झाले. २००० मध्ये बोलेरो आली. २००२ च्या जूनमध्ये स्कॉर्पिओ आली, सुमारे ५५० कोटी रुपयांत उभा राहिलेला प्रकल्प, आणि ती नाशिकमध्ये बनू लागली.

२३/ स्कॉर्पिओची अडचण इतिहासाने ठरवलेली होती. तिचा सांगाडा शिडीसारखा, जीपच्याच परंपरेतला. तिचे गिऱ्हाईक मात्र मोटारीतून उतरून येणारे. जीपमध्ये खडखड म्हणजे स्वभाव. मोटारीत खडखड म्हणजे बिघाड. एकच आवाज, अपेक्षा बदलली की दोष ठरतो. तज्ज्ञ या शाखेला 'एनव्हीएच' म्हणतात: नाद, कंप आणि खरखरीत हादरा. सस्पेन्शनसाठी कोरियातील सॅमलिप या कंपनीची साथ घेतली गेली. पुण्याची एआरएआय ही संस्था १९६६ पासून होतीच, आणि अहमदनगरजवळ (आताचे अहिल्यानगर) संरक्षण संशोधनाच्या व्हीआरडीई संस्थेच्या कसोटी-वाटा होत्या. अशा वाटांवर मुद्दाम रचलेल्या खडबडीत फरसबंदीवरून गाडी तासन्‌तास पळवतात. हातोडीवाल्याचा टोला येथे रस्त्याच्या रूपात येतो.

२४/ शांततेचा सापळा मात्र याहून जुना आहे. १९५८ मध्ये डेव्हिड ओगिल्वी याने रोल्स-रॉईससाठी एक प्रसिद्ध जाहिरात लिहिली. तिचा आशय असा, की ताशी साठ मैल वेगात गाडीतील सर्वांत मोठा आवाज विजेच्या घड्याळाचा असतो. जाहिरातदाराला तो अभिमान वाटला. पण त्यात एक कबुलीही आहे: बाकी सारे गप्प केल्यावर घड्याळ ऐकू येऊ लागले. मोठा आवाज लहान आवाजाला झाकतो. झाकण काढले की खालचा आवाज 'नवा' वाटतो, जरी तो पहिल्या दिवसापासून तिथेच असला तरी.

२५/ २००७ मध्ये नाशिकमध्येच महिंद्र-रेनॉची लोगन बनू लागली. तिला शिडीचा सांगाडा नव्हता. सारा पत्राच सांगाडा. पुढे मॅकफर्सन स्ट्रट, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप एकाच खांबात. ही रचना १९५० च्या फोर्ड कॉन्सलपासून जगभर पसरली, आणि आपल्याकडे १९८३ च्या मारुती ८०० ने ती घरोघरी नेली. खांबाचे वरचे टोक थेट बॉनेटखाली, काचेच्या पायथ्याशी टेकते. तिथली रबरी बैठक झिजली की आवाज डॅशबोर्डमधून येतो. कित्येक मालकांनी अशा वेळी डॅशबोर्ड उघडून प्लास्टिकचे तुकडे आवळून घेतले आहेत. दोष हातभर खाली होता.

२६/ नाशिकचे हवामानही या शोधात पक्षकार आहे. निफाडला हिवाळ्यात पारा कधी कधी शून्याच्या जवळ उतरतो. पहाटे द्राक्षबागेकडे निघालेल्या गाडीचे रबर ताठर असते आणि ती कुरकुरते. दुपारी गॅरेजमध्ये पोहोचेपर्यंत ऊन चढलेले, रबर सैल, आवाज बेपत्ता. इगतपुरीच्या पावसात भिजलेली गाडी दोन दिवस शांत राहते, तेही याच कारणाने. चालकाला खोटे ठरवण्यापूर्वी त्याला वेळ आणि हवा विचारावी, हे चांगल्या मेकॅनिकचे पहिले लक्षण.

२७/ रस्ताही साक्ष बदलतो. ५ जून २०२५ ला समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला. त्या काँक्रीटवर झिजलेली लिंकही मुकी राहते. गावच्या फाट्यावर वळताच ती बोलू लागते. सुरुवातीच्या वादात कधी नव्हे तो रस्ता जिंकला, आणि त्याने दोष झाकला.

२८/ मग शोधायचे कसे? कारखान्यात चिमट्यांना लावलेले मायक्रोफोन सस्पेन्शनच्या निरनिराळ्या भागांना अडकवतात आणि गाडी चालवत एकेक ऐकतात. ज्या ठिकाणी ठोका सर्वांत आधी आणि सर्वांत स्पष्ट, तिथे मूळ. १८१६ मध्ये फ्रेंच वैद्य लाएनेक याने कागदाची सुरळी करून रुग्णाचे हृदय ऐकले, त्याचाच हा वंशज. लहान गॅरेजमध्ये लांब स्क्रू-ड्रायव्हरचे टोक सांध्यावर आणि मूठ कानावर, एवढ्यावर भागते.

२९/ पण उपकरणापेक्षा मोलाचा असतो नीट विचारलेला प्रश्न. गतिरोधकावर दोन्ही चाके एकदम चढली तर आवाज होत नाही, एकच चाक खड्ड्यात गेले तर होतो. तसे असेल, तर संशय स्टॅबिलायझरच्या लिंकवर. कारण दोन्ही चाके सारखी उचलली की तो दांडा पिळलाच जात नाही. एक वर आणि एक खाली झाले, तरच त्याला काम पडते. खात्री हवी असेल, तर दोन्ही बाजूंच्या लिंक सोडून सावकाश एक फेरी मारायची. आवाज गेला तर गुन्हेगार सापडला; राहिला तर एक निरपराध सुटला. दोन्ही निकाल उपयोगी.

३०/ येथे एक जुनी चूक वारंवार होते. गाडी जॅकवर उचलून चाक हलवले जाते आणि सांधा घट्ट आढळतो. पण चाक लोंबकळत असताना सस्पेन्शन पूर्ण ताणलेले असते, आणि तो ताण फट मिटवतो. फट दिसते ती गाडी स्वतःच्या वजनावर, रस्त्यावर असते तशी उभी असताना. म्हणून खालून जाण्याचा खड्डा किंवा चाकांखालचा रॅम्प हवा. बॉल जॉइंटचे उलटे: स्प्रिंगचा भार ज्या आर्मवर आहे, त्या आर्मखाली जॅक लावून सांध्यावरचा भार काढावा लागतो, तेव्हाच तो हलतो. कुठे उचलले यावर काय सापडेल ते ठरते.

३१/ सगळे आवाज सारखे धोक्याचे नाहीत. कुरकुरणारी बुश महिनाभर थांबू शकते. स्टॅबिलायझरची लिंक कंटाळा आणते, तुटली तरी चाक जागेवर राहते. बॉल जॉइंटची टकटक मात्र वेगळी. तो सांधा सुटला तर चाक दुमडते, आणि कसारा घाटाच्या उतारावर दुमडलेल्या चाकाला दुसरी संधी नसते. मुख्य पाटा तुटला तर आस तिरका सरकतो आणि ब्रेक लावताच गाडी एका बाजूला ओढते. व्होलरचा थकवा अजूनही तसाच काम करतो, फक्त बद्द आवाज ऐकायला स्थानकातला हातोडीवाला उभा नसतो.

३२/ आता विजेवर चालणाऱ्या गाड्या आल्या. इंजिनाची घरघर गेली, आणि तिच्याखाली झाकलेले सारे लहान ठोके उघडे पडले. डिझेल बोलेरोत ज्याकडे कोणी लक्ष दिले नसते, त्या टकटकीसाठी नव्या गाडीचा मालक तीनदा सर्व्हिस सेंटरला जातो. ओगिल्वीचे घड्याळ आता प्रत्येकाच्या गाडीत आहे.

३३/ आणि लासलगावचा टेम्पो? भरलेला असताना मालाचे वजन पिनला बुशच्या एकाच बाजूवर दाबून धरते. फट आहे, पण मिटलेली. शिवाय जड गाडी सावकाश डोलते. रिकामी झाली की मागचा भाग हलका होतो, आस प्रत्येक खड्ड्यात उसळतो आणि पिन बुशमध्ये वर-खाली आपटते. कधी वरचे हेल्पर पाटेही, ज्यांना रिकाम्या गाडीत काम नसते, आपल्या बैठकीवर थपडा मारतात. म्हणून तपासणी रिकाम्या गाडीची, खराब रस्त्यावर. संशय आल्यावर पुढची युक्ती अगदी सोपी: मागे चार-पाच पोती टाकायची. दोन पोत्यांनी आवाज अर्धा झाला आणि पाचव्याने थांबला, तर चेसिस, शॉकअप, सायलेन्सर सगळे बाजूला ठेवून थेट शॅकल उघडावी. पिन ओढून काढल्यावर बुश बोटाने चाचपली की कळते: भोक गोल राहिलेले नसते, भाराच्या बाजूने लांबट झालेले असते.